छाणीच्या शेडमधलं शू क्रीम

पहिल्यांदा बडोदं सोडलं तेव्हा सोसायटीतली निम्मी माणसं आमच्या फाटकाशी उभी होती. टॅक्सी अहमदाबादच्या विमानतळाकडे निघायची होती आणि बाबा ड्रायव्हरला उगाचच सांगत होते, "बहेन जापान जाय छे, संभाळीने चलावजो." आईने हातावर दही-साखर ठेवली. शेजारच्या हंसामासींनी कपाळाला कंकू लावलं, पर्समध्ये खाखऱ्यांचं पाकीट कोंबलं आणि कानाशी येऊन बजावलं, "त्यां गमे ते न खाती. पूछीने खाजे." तिकडे काहीही तोंडात टाकू नकोस, आधी विचार आणि मग खा. मी हसून मान हलवली. टॅक्सी वळेपर्यंत बाबा हात वर करून उभे होते, क्रिकेटच्या अंपायरसारखे.

दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. मी स्वतः रिक्षा थांबवली आणि स्वतःच बॅगा चढवल्या.

बडोद्यात राहिलेल्यांसाठी मी हे लिहितेय, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. राहिलेले विचारतात, इथे काय कमी होतं म्हणून परत गेलीस? गेलेले विचारतात, चांगली बसलेली घडी मोडून परत आली होतीसच कशाला? दोघांनाही आजवर मी काहीतरी थातुरमातुर सांगत आले. खरं कारण एक जपानी मिठाई आहे. हसू येईल, पण ते तसंच आहे.

आमचं घर मकरपुऱ्याच्या औद्योगिक इस्टेटपासून सायकलच्या अंतरावर. एकाला एक चिकटलेली टेनामेंट, मध्ये एक भिंत, पुढे एवढंसं अंगण. बाबा बावीस वर्षांचे असताना कऱ्हाडहून इथे आले आणि मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले ते तिथूनच निवृत्त झाले. आई मात्र इथलीच. तिचे आजोबा संस्थानी कचेरीत कारकून होते. ती अजून 'बडोदे' म्हणते, बाबा 'बडोदा' म्हणतात आणि मी व माझ्या वर्गातली सगळी मुलं 'बरोडा' म्हणत मोठी झालो. आई कडक शाकाहारी. आमच्या ओट्यावर अंडं कधी आलं नाही.

भिंतीपलीकडे हंसामासी. त्या जैन. कांदा-बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. आईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दुसरीत होते. महिनाभर त्यांच्याकडे संध्याकाळी सहाला जेवायची, त्यांची गुळाची गोड डाळ आणि मऊ फुलके. सोसायटीत जैन घरं सोडून त्या खात त्या फक्त आमच्याकडे. आईने त्यांच्यासाठी एक कढई आणि एक उलथनं वेगळं ठेवलं होतं आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू देत नसे. "विश्वासाने येते ती," आई म्हणायची, "तिच्या घासात आपली चूक नको."

बाबांचं एक गुपित होतं आणि ते मला माहीत होतं. लग्नाआधी मकरपुऱ्यात चार जणांत एक खोली घेऊन राहत, तेव्हा रात्रीचं जेवण म्हणजे कारखान्याच्या फाटकाजवळची अंड्याची लारी, म्हणजे हातगाडी. ती चव त्यांना सुटली नाही. रविवारी "स्कूटरमध्ये हवा भरून येतो" म्हणून ते मला पुढे उभं करून न्यायचे. ऑम्लेट आणि पाव, वर भरपूर हिरवी मिरची. निम्मं मला. परतताना बडीशेप चघळायला द्यायचे आणि म्हणायचे, "आईला सांगायचं नाही हं, मीनू." मी नाही सांगितलं. मला ते आमच्या दोघांचं मोठं प्रेमाचं काम वाटायचं.

जपानला मी गेले ती फूड टेक्नॉलॉजीची पदवी आणि दोन वर्षं शिकलेली जपानी भाषा घेऊन. नेमणुकीच्या पत्रात 'गुणवत्ता नियंत्रण' असं लिहिलं होतं. बाबांनी त्याचं भाषांतर 'सायंटिस्ट' असं केलं आणि सोसायटीभर सांगितलं. नागोयाजवळच्या त्या कारखान्यात मी पोचले तेव्हा कळलं की गुणवत्ता नियंत्रण म्हणजे सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहणं. फक्त डोळे दिसतील असा पांढरा पोशाख, अंगावरून चिकट रोलर फिरवून घेतलेला, दहा डिग्रीतली खोली आणि समोरून सरकत जाणारे शेकडो शू क्रीम. चिरलेला, बसका, क्रीम बाहेर आलेला दिसला की उचलायचा आणि निळ्या टबात टाकायचा. आठ तास. पहिल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "लॅब कशी आहे?" मी म्हटलं, "छान आहे." त्यांचा आवाज इतका खुलला की पुढची सहा वर्षं ती लॅब तशीच राहिली. तेव्हा आमच्या घरात खोटं फक्त बाबाच बोलत होते असं मी म्हणणार नाही.

शू क्रीम म्हणजे काय, हे बडोद्यातल्या कितीतरी जणांना मी समजावलंय. बाहेरून मुठीएवढा भाजका फुगा, आत पोकळी आणि त्या पोकळीत गार, घट्टसर, दुधाळ कस्टर्ड. पट्ट्यावर असताना मला त्याचा वासही नको व्हायचा. शेजारी मोरिता-सान उभ्या असत, साठीच्या आसपासच्या, जेमतेम माझ्या खांद्याएवढ्या. एका सुट्टीच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तू रोज जे फेकतेस ना, त्याला शू क्रीम समजू नकोस. चल माझ्याबरोबर." त्यांनी मला स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात नेलं. तिथे काचेमागे नुसती रिकामी टरफलं मांडलेली होती. तुम्ही मागितल्यावर मालक त्यात क्रीम भरत. आधी भरून ठेवलं तर टरफल ओलसर होतं आणि सगळी मजा गेली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसून खाल्लं. पहिल्यांदा दातांखाली कुरकुरीत पापुद्रा फुटला, नानकटाईसारखा ठिसूळ. मग लगेच गार क्रीम, त्यात व्हॅनिलाचे काळे बारीक दाणे, आणि गोडी एवढीच की दुधाची चव तिच्याखाली दबू नये. आपल्याकडे मिठाई म्हणजे साखरेची शर्यत. तिथे मिठाईचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "फार गोड नाही." मी चांगले दोन खाल्ले. नाकाला साखर लागली. मोरिता-सान हसल्या आणि मला आल्यापासून पहिल्यांदा असं वाटलं की या देशात माझ्यासाठीही काही केलेलं आहे.

पार्सल घेतलं की दुकानातली बाई विचारायची, "घरी पोचायला किती वेळ लागेल?" त्या हिशेबाने ती खोक्यात बर्फाच्या थैल्या ठेवायची. मी सांगायची, पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांपलीकडच्या खोलीला घर म्हणायची मला काही केल्या सवय होत नव्हती.

पुढे मोरिता-सानांनी मालकांकडे शब्द टाकला आणि सुट्टीच्या दिवशी मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिकायला जायला लागले. पाणी, लोणी आणि मीठ उकळायचं, त्यात मैदा एकदम लोटायचा आणि भांड्याच्या तळाला पातळ साय धरेपर्यंत घोटायचं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, ही तर मोदकाची उकड! मालकांना मोदक माहीत नव्हता, पण माझा हात त्यांनी ओळखला. त्यानंतर अंडी. एकेक करून, पीठ उलथन्यावरून त्रिकोणात लोंबेपर्यंत. सगळा खेळ त्या अंड्यांचा. भट्टीत तीच पीठ उचलून धरतात, आतली वाफ त्यांच्याच जिवावर पोकळी करते. भट्टीचं दार घाईने उघडलं की फुगा बसला. माझे पहिले दोन महिने सगळे बसले. तिसऱ्या महिन्यात एक आख्खा ट्रे उभा राहिला आणि मी त्याचा फोटो बाबांना पाठवला.

त्या फोटोने सगळं सुरू झालं. दर रविवारी बाबा म्हणायला लागले, "मीनू, परत ये. आपण बडोद्यात याचं दुकान टाकू. असलं इथे कुणी पाहिलेलं नाही. मी रिटायर झालोय, मला काय काम आहे? मी बघतो सगळं, तू फक्त बनव." मी हसण्यावारी न्यायची. पण पट्ट्याशेजारी उभी राहून निळ्या टबात तुटके शू क्रीम टाकताना ते वाक्य डोक्यात फिरायचं. सहा वर्षं झाल्यावर एका हिवाळ्यात मी राजीनामा दिला आणि घरी आले.

आई बारीक झाली होती. बाबा मला बघून रडले. पहिल्याच संध्याकाळी मी सामानाची यादी काढली आणि आईने ती चष्मा लावून वाचली.

"अंडी?" आई म्हणाली.

"आई, त्याशिवाय होत नाही ते."

"मग या ओट्यावर होणार नाही." ती चिडून बोलली नाही. सरळ बोलली. मी बाबांकडे पाहिलं. ज्यांनी मला लारीवर उभं राहून ऑम्लेट खायला शिकवलं ते बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही, मान वर केली नाही.

बाबांच्या एका जुन्या सोबत्याचं छाणीला वर्कशॉप होतं. त्यातली पत्र्याची एक रिकामी शेड त्याने आम्हाला वापरायला दिली. मकरपुऱ्याहून छाणी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. तिथे भट्टी बसवली, फ्रीज आणला, भिंती चुन्याने रंगवल्या. बाबा रोज स्कूटरवरून यायचे, जी बायांची कामं असतात असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं ती सगळी कामं करायचे. ट्रे घासायचे, मैदा चाळायचे.

अडचण एकच. "इथे एगलेस लागतं, मीनू," ते म्हणायचे, "बडोद्यात वाढदिवसाचा केकसुद्धा एगलेस घेतात लोक." मी करून पाहिलं. दही घातलं, मिल्कमेड घातलं, जवसाची पेस्ट घातली, सोडा घातला. काही पापडासारखे निघाले, काही आत कच्चे. एक प्रकार बरा फुगला, पण खाताना दातांना चिकटायचा. चार महिने गेले. शेवटी मी म्हटलं, "बाबा, आपण अंड्याचंच करू आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहू, यात अंडं आहे. ज्यांना चालतं ते येतील. या गावात अंड्याच्या लाऱ्या काय कमी चालतात?"

बाबा म्हणाले, "लिहायला कशाला हवं? विचारलं तर सांगू."

मला ते खटकलं होतं. पण त्याच दिवशी अंड्याचा ट्रे भट्टीतून निघाला, प्रत्येक फुगा सोनेरी आणि ताठ. बाबांनी उभ्या-उभ्या तीन खाल्ले, डोळे मिटून. मिशीला क्रीम लागलं होतं. "मीनू," ते म्हणाले, "कारखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाने लोखंड कापलं. हे आपलं आहे." त्या घटकेला मी त्यांना काहीही माफ केलं असतं. आणि मला वाटतं, ते त्यांना कळलं होतं.

श्रावणातला एक रविवार. बाबांनी दोन खोकी बर्फाच्या पेटीत भरली आणि पुढे निघाले. म्हणाले, आईला नुसतं दाखवतो, खाणार नाही ती, पण बघू तरी दे. मी भट्टी थंड करून, फरशी पुसून तासाभराने निघाले. घरी पोचले तेव्हा उजेड होता. अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. बाबा मधोमध बसले होते आणि त्यांच्या समोर हंसामासी. त्यांच्या बशीत अर्धा शू क्रीम होता आणि ओठांवर पिठीसाखर.

"आव आव, मीनल!" त्या मला बघून म्हणाल्या. "आ तो मोंमां ओगळी जाय छे! बीजुं खाउं छुं." दुसरा खातेय, तोंडात विरघळतो म्हणाल्या. आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, "में पूछ्युं हतुं हों, ईंडुं तो नथी ने? तारा पप्पाए कह्युं, बिलकुल एगलेस." अंडं नाही ना, हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं आणि बाबांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नजर खाली केली नाही. आई स्वयंपाकघरात होती, तिला काय ऐकू आलं आणि काय नाही हे मला तेव्हा कळलं नाही. हंसामासींनी उरलेला घास खाल्ला, बोट चाटलं.

हंसामासी घरी गेल्यावर मी बाबांना अंगणातच धरलं. "बाबा, काय केलंत हे?"

"हळू बोल. एवढंसं तर खाल्लं त्यांनी. किती आवडलं बघितलंस ना?"

"त्या जैन आहेत. त्यांनी विचारलं होतं तुम्हाला."

"तू सांगितलं नाहीस तर त्या अजूनही जैनच आहेत," बाबा म्हणाले आणि खुर्च्या उचलायला लागले.

आठ दिवस मी गप्प राहिले. हे मी लपवणार नाही. रोज भिंतीपलीकडून त्यांच्या पूजेची घंटा यायची आणि रोज मी ठरवायची, आज जाते. रोज छाणीला निघून जायची. स्वतःला सांगायची, आता सांगून त्यांना यातना का द्यायच्या? झालं ते झालं. बाबांचंच वाक्य मी जरा बऱ्या शब्दांत स्वतःशी म्हणत होते.

नवव्या दिवशी सकाळी हंसामासीच आल्या. पर्युषण पंधरवड्यावर आलं होतं. त्यांची नात जिनल पहिल्यांदाच अठ्ठाई करणार होती, आठ दिवसांचा कडक उपास, फक्त उकळलेलं पाणी. नवव्या दिवशी पारणं आणि त्याला सव्वाशे पाहुणे. "बधां ने खबर पडवी जोईए के मारी मीनल शुं बनावे छे," त्या म्हणाल्या. माझी मीनल काय बनवते ते सगळ्यांना कळलं पाहिजे. पारण्याच्या पंगतीत त्यांना शू क्रीम ठेवायचं होतं.

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. त्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या, मी खाली फरशीवर. लहानपणी बसायची तशी. आणि मी सांगून टाकलं. त्यात अंडं आहे. अंड्याशिवाय ते होतच नाही. तुम्ही खाल्लंत त्यातही होतं.

हिंचका थांबला. त्या ओरडल्या नाहीत. उठल्या, मोरीच्या नळाशी गेल्या आणि चूळ भरली. आठ दिवसांनंतर चूळ भरून काय होणार होतं? पण त्या भरत राहिल्या, पाच-सहा वेळा. मग पदराने तोंड पुसून परत आल्या आणि एकच प्रश्न विचारला.

"तारा पप्पाने खबर हती?" तुझ्या पप्पांना माहीत होतं?

त्या प्रश्नाला मी तयार नव्हते. भिंतीपलीकडे बाबा रेडिओ ऐकत होते, इथपर्यंत आवाज येत होता. मला वाटलं, या माणसाला इथेच म्हातारं व्हायचंय, रोज याच अंगणात बसायचंय. मी सहा वर्षं यांच्यावाचून काढली, मला जमेल. आणि खरं सांगायचं तर मला खात्री होती की मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, गोष्ट बाहेर आली की बाबा स्वतःच पुढे येतील. आपल्या मुलीला एकटं उभं करणार नाहीत.

"नाही मासी," मी म्हटलं. "मीच त्यांना एगलेस म्हणून सांगितलं होतं."

"तुं हमणां जा, बेटा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा निलेशभाई आला, सोबत सोसायटीतले दोघे. निलेशभाईचा आवाज थरथरत होता. बापूजी गेल्यापासून बांनी, म्हणजे त्याच्या आईने, एक नियम मोडला नाही, तो म्हणाला, आणि तुमच्या घरी, तुमच्या घरी मोडला. बाबा बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता.

"मीनू," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी तुला विचारलं होतं की नव्हतं? तू काय सांगितलंस मला?"

मी चौकटीवरून पाठ काढून सरळ उभी राहिले.

"बोल ना! मी काय तोंड दाखवू यांना?" मग ते निलेशभाईकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "छोकरी छ वरस बहार रही, एने समज न पडी. माफ करजो." सहा वर्षं बाहेर राहिली, तिला समज नाही. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. लोकांनी त्यांनाच धीर दिला. एकाने पाठीवर हात ठेवला. "तमारो शुं वांक, मुरब्बी," तो म्हणाला. तुमची काय चूक.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होती.

हंसामासींनी त्यांच्या महाराजसाहेबांना, म्हणजे जैन साधूंना, विचारून प्रायश्चित्त म्हणून तीन दिवसांचे उपास केले. जिनलचं पारणं झालं, आम्हाला बोलावणं नव्हतं. आईने ती वेगळी कढई घासून वरच्या फळीवर ठेवली. छाणीची शेड मी आवरली, भट्टी एका बिस्किटवाल्याला दिली. बाबा शेडवर एकदाच आले. मी ट्रे बांधत होते.

"थोडे दिवस जाऊ दे," ते म्हणाले. "लोक विसरतात."

"बाबा, तुम्ही मासींना खरं सांगणार का?"

त्यांनी एक ट्रे उचलून बाजूला ठेवला. "आता त्याचा काय उपयोग? तू काय, जाशीलच परत. मला इथे राहायचंय."

मी तोवर परत जायचं ठरवलेलं नव्हतं. ते त्यांनी ठरवलं होतं. कदाचित त्या संध्याकाळी अंगणात तोंड उघडायच्या आधीच.

दुसऱ्यांदा निघाले त्या सकाळी बाबा दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि मी निघेपर्यंत आले नाहीत. आईने दही-साखर दिली, या वेळीही. मग माझ्या बॅगेची चेन ओढता ओढता खाली बघूनच म्हणाली, "मला माहीत आहे ते लारीवर जातात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. बडीशेपेचा वास काय मला कळत नाही?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तुला माहीत होतं ना, खोटं कोण बोललं ते?"

"बोलून मग राहायचं कुठे?" आई म्हणाली.

या वाक्याचा मला अजून राग येतो. आईचा येत नाही, वाक्याचा येतो. रिक्षात बसल्यावर मला कळलं की ती मला समजावत नव्हती, ती स्वतःची चाळीस वर्षं सांगत होती. तोपर्यंत रिक्षा हायवेच्या वळणाला लागली होती.

आता मी पुन्हा नागोयाजवळ राहते. पुन्हा त्याच कारखान्यात, फक्त आता पट्ट्याशेजारी नाही, पट्ट्याशी उभ्या राहणाऱ्या नव्या मुलींना शिकवते. नेपाळच्या आहेत, व्हिएतनामच्या आहेत. त्यांच्यातल्या एकीने घरी सांगितलंय की ती हॉटेलात मॅनेजर आहे. मी तिला काही म्हटलं नाही.

गेल्या पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, एक अनोळखी नंबर वाजला. हंसामासी होत्या. जिनलच्या फोनवरून. वर्षभरात कुणाला कळत-नकळत दुखावलं असेल तर त्या दिवशी जैन माणसं एकमेकांची क्षमा मागतात. पलीकडून तो जुना आवाज आला, "मिच्छामि दुक्कडम्, बेटा."

मी रडायलाच लागले. मी म्हटलं, "मासी, क्षमा मी मागायची, तुम्ही कसली मागता?"

त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुला घरातून जा म्हटलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, ते मनाला लागून राहिलं होतं. मग इकडचं तिकडचं बोलल्या. आईचा गुडघा दुखतो, त्या रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसतात. आईच्या हातचा चहा पुन्हा घ्यायला लागल्या आहेत. बाबाही आज सकाळी येऊन गेले, म्हणाल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कहे, छोकरीने माफ करजो." मुलीला माफ करा.

एवढ्या अंतरावर, एवढ्या दिवसांनी, त्या संध्याकाळसारखी जमलेली माणसंही नाहीत, आणि क्षमा मागायचाच दिवस. तरीही ते माझ्यासाठी मागून आले, स्वतःसाठी नाही. त्या क्षणी मी मासींना खरं सांगू शकले असते आणि त्यांनी विश्वास ठेवला असता. पण मला दिसलं की आईचा दुखरा गुडघा आहे, त्याच्याजवळ बसलेली एक म्हातारी आहे आणि मधे चहाचा कप आहे. खरं बोलले असते तर तो कप गेला असता. मी म्हटलं, "मासी, तुम्ही माफ केलंत, पुष्कळ झालं."

तुम्ही विचाराल, मग आता घर कुठलं? घराचा पत्ता तोच आहे. मकरपुरा, टेनामेंट, निळं फाटक. तिथे माझ्या नावावर एक चूक जमा आहे, मी न केलेली, आणि तिच्या आधाराने तीन म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगणात बसतात. लोक घरासाठी काय काय पाठवतात. मी तेवढं ठेवून आले.

बाबा दर रविवारी फोन करतात. हवा विचारतात, तब्येत विचारतात. शेवटी, ठेवायच्या आधी, "मग, कधी येतेस?" असं विचारतात. मी म्हणते, "बघू, सध्या तरी जमेल असं दिसत नाही." त्यावर ते "बरं, बरं" म्हणतात. मी कान देऊन ऐकते. त्यांचा आवाज तेवढ्यात सैल होतो, सुटल्यासारखा.